दुसऱ्याची पावलं

प्रमिला झगडे हिने एका माणसाच्या अर्जाची नऊ वर्षं वाट पाहिली. तो अर्ज आला तेव्हा ती माणदुर्ग नगरपरिषदेच्या आधार विभागात, आपल्या टेबलाशी, डबा उघडून बसली होती. पडद्यावर नाव आलं: विद्याधर यशवंत कारखानीस, वय बासष्ट, प्रभाग अकरा. न्हाणीघरात पाय घसरून मानेला इजा. मानेखालची हालचाल जवळजवळ बंद, उजवा हात थोडा हलतो. घरात पत्नी, वय अठ्ठावन्न.

तिने नाव पुन्हा एकदा वाचलं, मग सगळी पोळीभाजी संपवली. त्या दिवशी तिला भूक चांगली लागली होती.

आधार विभाग सुरू झाला तो चांगल्याच हेतूने. घरं लहान झाली, मुलं लांब गेली, आणि अंथरुणावरच्या माणसाचं कोण करणार हा प्रश्न गल्लोगल्ली उभा राहिला. तेव्हा सरकारने कायदा केला. ज्या प्रौढ माणसाला स्वतःचं स्वतः उठता, धुता, जेवता येत नाही, त्याच्या घरी नगरपरिषदेने सेविका पाठवायची. म्हातारा असो की तरुण. रोज किती वेळ पाठवायची, त्याला ‘सेवातास’ म्हणत. पहिली दोन वर्षं डॉक्टरांच्या दाखल्यावर सेवातास मिळाले. मग कायमची अंथरुणाला खिळलेली काही माणसं पुतण्याच्या वरातीत नाचताना दिसली, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि सरकारने दाखल्यांवरचा विश्वास काढून घेतला. दाखला फक्त अर्ज करण्यापुरता. तास ठरवणार ते यंत्र.

यंत्राचं नाव ‘पदस्पंद’. रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या घराच्या फरशीवर चार कोपऱ्यांत चिकटवायच्या. माणूस चालला की फरशी थरथरते. आपल्याला कळत नाही, चकतीला कळते. प्रत्येकाचं वजन वेगळं, टाच टेकवायची पद्धत वेगळी, दोन पावलांमधलं अंतर वेगळं. त्यामुळे सही ओळखावी तशी चाल ओळखता येते. तीन आठवडे यंत्र ऐकत राहायचं आणि लाभार्थी दिवसाला किती चालतो, किती वेळा उठतो, कुठे अडखळतो यावरून शंभरपैकी ‘स्वावलंबन गुणांक’ द्यायचं. गुणांक जास्त, तास कमी. कॅमेरा नाही, कुणाची लाजलज्जा जात नाही, आणि तीन आठवडे खोटं लंगडणं कुणाला जमत नाही. कल्पना खरोखर हुशारीची होती.

तिच्यात एक भोक होतं. घरातल्या अनेक चालींमधली लाभार्थ्याची कोणती, हे यंत्राला सांगण्यासाठी त्याला पहिल्या दिवशी दहा पावलं चालून दाखवायला लागायचं. जो दहा पावलं चालूच शकत नाही, त्याचा नमुना कोरा राहायचा. कोरा नमुना यंत्राला चालत नसे. मग ते घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारी चाल उचलायचं आणि तीच लाभार्थ्याची धरायचं. म्हणजे जो थोडाफार चालतो, त्याचा गुणांक बरोबर यायचा. जो मुळीच हलत नाही, त्याच्या नावावर त्याच्यामागे दिवसभर धावणाऱ्या माणसाची पावलं जमा व्हायची.

प्रमिलाचा धाकटा भाऊ वसंत मुळीच हलत नव्हता. विशीत त्याचे स्नायू झिजायला लागले आणि एकेचाळिसाव्या वर्षी त्याच्यापाशी उरलं होतं ते डोकं, आवाज आणि चेष्टा करायची सवय. तो एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचायचा. तो सांगायचा आणि प्रमिला लिहून घ्यायची. ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती कामावर असताना सकाळी दहा ते तीन आधार विभागाची सेविका यायची, त्याला कुशीवर वळवायची, घशातला कफ छोट्या पंपाने ओढून काढायची. आईवडील गेल्यापासून दोघांचं असंच चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

पदस्पंद आलं आणि वसंतचा गुणांक लागला एक्याऐंशी.

“ताई, मी रोज सहा हजार पावलं चालतो,” तो म्हणाला. “नगरपरिषदेने लेखी दिलंय. मला पुढच्या शर्यतीत उतरव.”

पाच तासांचा एक तास झाला. प्रमिलाने तक्रार केली, आणि विभागप्रमुख कारखानीस स्वतः घरी आले. नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस. त्यांनी वसंतकडे पाहिलं, यंत्राचे आकडे पाहिले, प्रमिलाला म्हणाले, “जरा चालता का स्वयंपाकघरापर्यंत?” ती चालली. त्यांच्या हातातल्या पडद्यावर वसंत झगडेच्या नावापुढे पावलं मोजली गेली.

“तुमचं म्हणणं खरं आहे,” बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते हळू आवाजात म्हणाले. “मला दिसतंय.”

“मग दुरुस्त करा.”

“एक दुरुस्त केलं, तर का केलं ते लिहावं लागेल. लिहिलं की सगळ्या फायली उघडाव्या लागतील. या योजनेत आपली नगरपरिषद राज्यात पहिली आलीय, बाई. पुढच्या आठवड्यात सचिव येतायत. थोडी कळ काढा. मी बघतो काहीतरी.”

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यावर त्यांची सही होती आणि वर तीन शब्द: ‘तक्रारीत तथ्य नाही.’

तिने रजा होत्या तेवढ्या घेतल्या. शेजारच्या काकूंना विनवलं, त्या जमेल तशा यायच्या. सातव्या आठवड्यात एका मंगळवारी काकूंच्या नातवाला ताप होता. प्रमिला साडेपाचला घरी आली तेव्हा वसंत सकाळी ठेवला होता त्याच कुशीवर होता. कफ घशात अडकला होता. डॉक्टर म्हणाले, दुपारी कधीतरी गेले असावेत. अर्धवट राहिलेलं शब्दकोडं उशाशी होतं.

तिने अपील केलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: लाभार्थी मयत असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

रडणं लवकर संपलं. त्यानंतर जे उरलं ते तिला स्वतःलाही नवीन होतं. ती संतापी बाई नव्हती. प्रयोगशाळेत तिच्या हातून कधी नळी फुटली नव्हती. हा राग तिने त्याच सावधपणे सांभाळला. दूध संघाची नोकरी सोडली, आधार विभागाची परीक्षा दिली आणि पडताळणी सेविका झाली. कारखानीस तोवर बढती घेऊन दुसरीकडे गेले होते. तिने जुन्या नोंदी वाचल्या. ‘तक्रारीत तथ्य नाही’ हा शेरा त्यांनी त्रेचाळीस फायलींवर मारला होता. त्यातली एकतीस माणसं मुळीच चालू न शकणारी होती. तिने वरिष्ठांना दाखवलं. वरिष्ठ म्हणाले, जुनं उकरू नका, पुढचं काय ते सुचवा. तेव्हा तीन वर्षं मागे लागून तिने पडताळणीच्या नमुन्यात एक चौकट घालून घेतली: ‘हाताने पडताळणी’. सेविकेने त्यात खूण केली की यंत्राची पावलं बाद आणि तास माणसाने ठरवायचे. कारण लिहायची गरज नाही. दोष मान्य न करता दोष झाकायची सोय होती ती. म्हणूनच मंजूर झाली. त्या चौकटीमुळे माणदुर्गातल्या दोनेकशे अंथरुणांशी रोज वेळेवर सेविका पोचत होती.

कारखानीस निवृत्त झाले आणि माणदुर्गातच, प्रभाग अकरात राहायला आले. योजनेच्या दशकपूर्तीला नगरपरिषदेने त्यांचा सत्कार केला. प्रमिला मागच्या रांगेत बसून सगळी भाषणं ऐकून आली. दुसऱ्या दिवशी तिने बदली मागितली. प्रभाग अकरा.

*

दार कारखानिसांच्या पत्नीने, नीलिमाबाईंनी उघडलं. उंच, काटक, पदर खोचलेला. “या, या. तुमचीच वाट बघत होतो.”

कारखानीस पलंगावर उशांना टेकून होते. चेहरा तोच होता, फक्त गालांची हाडं वर आली होती. त्यांनी प्रमिलाकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि हसले. ओळख पटल्याची कसलीही खूण त्या हसण्यात नव्हती.

हे तिने धरलंच नव्हतं. नऊ वर्षं तिने या खोलीत येऊन काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, आणि समोरच्या माणसाला ती आठवतच नव्हती. त्रेचाळिसांतली एक. मग तिने खाली बसून चकत्या चिकटवायला सुरुवात केली.

“बाई, एक विनंती,” कारखानीस म्हणाले. “ती हाताने पडताळणीची चौकट आहे ना, ती भरायला विसरू नका.”

“का बरं?”

“तुम्ही नवीन आहात का?”

“नाही. पण लाभार्थ्याला काय वाटतं ते आम्हाला लिहून घ्यावं लागतं.”

“सांगतो ना. मी चालू शकत नाही. म्हणजे माझा नमुना कोरा. यंत्र नीलिमाची पावलं माझ्या नावावर टाकणार. गुणांक ऐंशीच्या घरात जाईल आणि तुम्ही मला एक तास द्याल.” ते थोडे हसले. “यंत्राचा जुना दोष आहे तो. आम्हाला सुरुवातीपासून माहीत आहे.”

“सुरुवातीपासून म्हणजे?”

“पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. मी होतो ना तिथे प्रमुख.”

प्रमिलाने त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं. “बरोबर?” “बरोबर.” नियमाप्रमाणे त्यांच्या वतीने पत्नीची सही लागायची. नीलिमाबाईंनी चष्मा लावून सही केली आणि चहा आणला. प्रमिलाने तो घेतला.

कार्यालयात परत आल्यावर तिने नमुना पूर्ण केला. सगळ्या चौकटी भरल्या. एक सोडली.

तीन आठवड्यांनी गुणांक आला: एकोणऐंशी. कारखानीस दिवसाला पाच हजार आठशे पावलं चालत होते. सेवातास, एक.

आपल्याकडे ज्याच्या कामाविरुद्ध तक्रार असते त्याच्याचकडे ती अभिप्रायाला येते. कारखानिसांची तक्रार प्रमिलाच्या टेबलावर आली. तिने पेन उचललं आणि आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: तक्रारीत तथ्य नाही. त्या तीन शब्दांकडे ती बराच वेळ पाहत बसली. इतकं गोड काही तिने कितीतरी वर्षांत चाखलं नव्हतं.

नीलिमाबाई दोनदा कार्यालयात आल्या. पहिल्यांदा रागावलेल्या होत्या. दुसऱ्यांदा त्यांचा उजवा खांदा पट्ट्यात होता. “त्यांना दर दोन तासांनी वळवावं लागतं,” त्या म्हणाल्या. “नाहीतर पाठीला जखमा होतात. सत्तर किलोचा माणूस आहे हो. मुलगी परदेशात. मी एकटीने कसं करू?”

“वर अपील करता येतं,” प्रमिला म्हणाली. “प्रौढ सेवा समितीपुढे. पण अर्जदाराने स्वतः हजर राहावं लागतं.”

“त्यांना इथे आणू? या अवस्थेत?”

“हो.”

त्या बाईचा खांदा तिला दिसला होता. दिसला तरी तिने नजर वळवून पुढची फाईल उघडली.

*

अपिलाला सात आठवडे लागले. सकाळी अकराला चौघांनी कारखानिसांना व्हीलचेअरसकट उचलून सभागृहात आणलं. डोकं पट्ट्याने बांधलं होतं. समितीच्या अध्यक्ष रुक्साना मुजावर प्रभाग चारच्या नगरसेविका. आधी शाळेत गणित शिकवायच्या आणि बोलायच्याही तशाच.

“हे गृहस्थ पाच हजार आठशे पावलं चालतात?” त्यांनी कागद खाली ठेवला. “मला डोळे आहेत, झगडेबाई. हाताने पडताळणी का केली नाही?”

“अजूनही करता येईल,” प्रमिला म्हणाली. “पण अपिलात अर्जदाराने कारण नोंदवायला हवं. यंत्र चुकलं असं त्यांचं म्हणणं असेल, तर ते कसं चुकलं आणि त्यांना कधी कळलं, हे इतिवृत्तात यायला हवं. नियम आहे.”

“नियम कुणी केला?”

“साहेबांनीच. त्यांच्या कारकिर्दीत.”

मुजावर बाईंनी कारखानिसांकडे पाहिलं. “सांगा.”

“यंत्र माझ्या पत्नीची पावलं माझ्या नावावर टाकतंय,” कारखानीस म्हणाले.

“कधी कळलं?”

“आत्ताच. माझा गुणांक आल्यावर.”

प्रमिलाने फाईलमधला कागद काढला आणि वाचला. ‘यंत्राचा जुना दोष आहे तो. आम्हाला सुरुवातीपासून माहीत आहे. पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. मी होतो ना तिथे प्रमुख.’ “खाली यांच्या पत्नीची सही आहे,” ती म्हणाली.

कारखानिसांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पट्ट्याने ती वळू दिली नाही. त्यांची नजर तेवढी फिरली आणि प्रमिलावर थांबली. आता ते नीट पाहत होते.

“पहिल्या वर्षी कळलं, तर तुम्ही केलं काय?” मुजावर बाईंनी विचारलं.

“तक्रारी निकाली काढल्या.”

“किती?”

“आठवत नाही.”

“त्रेचाळीस,” प्रमिला म्हणाली. “एकतीस जण जागेवरून हलू न शकणारे. त्यातले नऊ जण वर्षाच्या आत गेले. एक वसंत झगडे. तुम्ही मला स्वयंपाकघरापर्यंत चालायला लावलं होतंत, साहेब. मी चालले. तुम्ही म्हणालात, तुमचं म्हणणं खरं आहे, मला दिसतंय.”

कारखानिसांचे ओठ हलले. “तुम्ही त्या…”

“मी ती.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला हात वर जाईना. प्रमिला बघत राहिली. पुढे होऊन पुसलं ते नीलिमाबाईंनी, डाव्या हाताने.

“इतिवृत्तात घ्या,” मुजावर बाई कारकुनाला म्हणाल्या. “सगळं, शब्द न शब्द. त्रेचाळीसही फायली उघडायच्या. आणि झगडेबाई, त्या चौकटीत खूण तुम्ही मुद्दाम केली नाहीत?”

“मुद्दाम. तक्रारीवरचा शेराही मुद्दाम. मला माहीत होतं तो खोटा आहे.” तिने दुसरा कागद पुढे केला. “हा माझा जबाब. राजीनामा जोडला आहे.”

हा क्षण तिने मनात अनेकदा जगून पाहिला होता. त्यात पुढे काही नव्हतं. तिथेच सगळं संपायचं. पण नीलिमाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्या भावाचं मला आज कळलं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “यांनी केलं ते पाप आहे. ते यांनी भोगलं तर मी मध्ये येणार नाही. पण हे सात आठवडे यांना काय झालं? हे पडून होते. यंत्राने यांच्या नावावर जमा केली ती पावलं माझी होती, बाई. पाच हजार आठशे. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्हीही भावामागे तसंच घर चालवलं होतंत.”

नऊ वर्षांत प्रमिलाने प्रत्येक माणसाचा विचार केला होता. या एका बाईचा केला नव्हता.

*

समितीने कारखानिसांना सहा तास मंजूर केले. पण मंजुरीचा आदेश निघून सेविका नेमली जायला बारा दिवस लागतात, हे प्रमिलाइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने प्रभाग अकरातल्या घराची घंटा वाजवली. गळ्यात आता ओळखपत्र नव्हतं.

नीलिमाबाई दारातच उभ्या राहिल्या. “काय हवंय?”

“सेविका येईपर्यंत मी करते. तुम्ही खांद्याला विश्रांती द्या.”

“त्यांच्यासाठी?”

“नाही.”

नीलिमाबाई बाजूला झाल्या. आतल्या खोलीत जाऊन त्या जमिनीवरच आडव्या झाल्या आणि दुपारपर्यंत उठल्या नाहीत.

कारखानिसांनी तिला पलंगाशी आलेलं पाहिलं. तिने हात धुतले, चादर सरळ केली, एक हात त्यांच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली. मानेखाली हात गेला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. ती आता मान मुरगळणार असं त्यांना वाटलं, ते तिला कळलं. तिने ते खोडून काढलं नाही.

रोज आठ तास, दर दोन तासांनी, तिचे हात त्यांच्या मानेखाली जात राहिले. काम चोख होतं. पाठीवरची एक जखम सुकायलाही लागली. पण ती घरात असेपर्यंत ते डोळा मिटत नसत. खोलीभर तिच्यामागे त्यांची नजर फिरायची. ती पाण्याचा पेला भरायला वळली तरी.

पाचव्या दिवशी त्यांना शब्द सापडले. “झगडेबाई, मला माफ…”

“उजवा हात पोटावर घ्या,” ती म्हणाली. “वळवायचंय.”

त्यांनी तो थोडासा हलणारा हात कसाबसा पोटावर आणला. तिने त्यांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली आणि खुर्ची ओढून त्यांना दिसेल अशी बसली. अजून सात दिवस होते.